भोंग्यानंतर वीस मिनिटं

४ सप्टेंबर

आलो एकदाचा. बस तीन तास उशिरा, ट्रंकेची कडी वाटेत तुटलेली, डोक्यावर ऊन मी म्हणतंय. पण शेवटचं वळण घेतलं, धरण समोर आलं आणि सगळा शीण उतरला. फोटोत पाहिलं होतं, पण फोटोत त्याची रुंदी कळत नाही. काळ्या दगडाची भिंत या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत गेलीय. सव्वाशे वर्षं झाली तिला. सिमेंटचा कण नाही, सगळं काम चुन्यातलं. खालच्या दगडांवर ते घडवणाऱ्या पाथरवटांच्या खुणा अजून दिसतात. कुठे तीन रेघा, कुठे मासा, कुठे नुसतंच टिंब. मागे नजर पोचेल तिथवर पाणी. चाळीस किलोमीटर खालचं शहर हेच पाणी पितं. मीही त्याच शहरातला, हेच पाणी पिऊन वाढलो. आता त्याचे बारा दरवाजे माझ्या ताब्यात आले आहेत.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुढे व्हरांडा. ही आणि छोटी पुढच्या आठवड्यात येतील. हिला एवढी मोठी खिडकी आयुष्यात मिळालेली नाही.

कार्यालयात नोंदणी कारकून भेटला. वाळका माणूस, खिशाला तीन पेनं. म्हणाला, इथे पाण्याखेरीज काहीही हलत नाही, साहेब, तुम्हीसुद्धा चार महिन्यांत हलायचे बंद व्हाल. मी म्हटलं, मला चालेल.

६ सप्टेंबर

आज भोंगेकाकांची ओळख झाली. खरं नाव कोणी घेत नाही. भिंतीच्या टोकाला दगडी मनोरा आहे, वर हाताने फिरवायचा लोखंडी भोंगा. दरवाजे उघडण्याआधी तो तीनदा वाजवायचा, मग वीस मिनिटं थांबायचं, मगच दरवाजे. तेवढ्या वेळात नदीच्या पात्रात जे कोणी असेल ते वर चढून येतं. एकतीस वर्षं हे काम काकांकडेच आहे. भोंगा झाला की मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून बसतात आणि वीस पुरी झाली की हिरवा झेंडा दाखवतात. मी गमतीने विचारलं की कधी एकोणीस मिनिटांत आटोपलंय का. ते हसले नाहीत. माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या पोराने काही वेडंवाकडं विचारावं.

त्यांच्या बायकोला सगळे धुण्याच्या काकू म्हणतात. विश्रामगृहातल्या चादरी ती खाली नदीच्या पायऱ्यांवर धुते. मूलबाळ नाही. दुपारी काका मनोऱ्यावरून खाली बघत असतात आणि ती खालून हात करते. कारकून म्हणतो, इतक्या वर्षांत या दोघांना मी भांडताना पाहिलेलं नाही, कारण दोघांच्या मध्ये दीडशे फूट उंची आहे.

१३ सप्टेंबर

घर भरलं. छोटीने येताक्षणी विचारलं की एवढं पाणी कोणी सांडलं. ही खूश आहे, फक्त शिलाई मशीन मागे राहिलं म्हणून हळहळतेय. तिच्या भावाने ते गाडीवर चढवलंय, गावातल्या बसथांब्यावर येईल. तिथून आणायचं कसं, हा प्रश्न आहे. मशीनचं वजन काही कमी नाही. बघू, करू काहीतरी.

१९ सप्टेंबर

आजचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण नाही लिहिलं तर डोक्यात घोळत राहील.

सकाळी भोंगेकाकांना मशीन आणायला पाठवलं. ते आधी नाही म्हणाले. कामाच्या वेळात मनोरा कधी सोडला नाही, असं काहीसं. मी म्हटलं, आज दरवाजे उघडायचे नाहीत, प्रमुख मी आहे, मी सांगतोय ना. मग गेले.

साडेअकराला शहरातून मोठ्या साहेबांचा फोन. उद्या सकाळी नव्या शुद्धीकरण केंद्राचं उद्घाटन आहे, आणि नदीतून पाणी उपसायच्या त्यांच्या विहिरीची पातळी खाली गेलीय. दोन दरवाजे उघडा, आत्ताच्या आत्ता. मी भोंग्यासाठी मनोरा चढायला लागलो. अर्ध्यावर गेलो असेन, तेवढ्यात कारकुनाने खालून हाक मारली की साहेबांचा पुन्हा फोन आहे. उतरलो. साहेब चिडलेले. पाणी सुटलं का, एवढंच विचारत होते. मी म्हटलं, सुटतंय. बटण दाबलं.

पाणी शहरात पोचायला आठ तास लागतात. वीस मिनिटांनी काय बिघडलं असतं, हे मला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

धुण्याच्या काकू नदीच्या दुसऱ्या वळणावर सापडल्या. पायऱ्यांवर एक चादर अर्धी पिळून ठेवलेली होती. घाईत टाकलेली नव्हती, नीट ठेवलेली होती. भोंगा वाजला नाही म्हणजे घाई कसली.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भोंगेवाल्याला तुम्ही भोंगा वाजवायला सांगितलं होतं. तो जागेवर नव्हता. असंच झालं ना?" मी हो म्हटलं. कारकुनाने पेन काढलं आणि नोंदवहीत लिहिलं: भोंगेवाला विनापरवानगी गैरहजर. खाली माझी सही. त्याचीही.

दीड वाजता भोंगेकाका आले. मशीन खांद्यावर, अंग घामाने निथळत होतं. त्यांनी ते व्हरांड्यात अलगद टेकवलं, सुईला धक्का लागला नाही ना ते पाहिलं. हिने त्यांना पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर कारकुनाने त्यांना सांगितलं.

मी आत होतो.

२४ सप्टेंबर

चौकशी झाली. भोंगेकाका म्हणाले, साहेबांनी मशीन आणायला पाठवलं म्हणून गेलो. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ते स्वतःच्या कामाला गेले होते, येताना मशीन घेऊन आले, त्यांच्या चांगुलपणाने. कारकुनाने मान हलवली. घरी हिलाही मी हेच सांगितलंय.

त्यांना कामावरून काढल्याचा कागद वाचून दाखवला. त्यांनी सही केली. जाताना माझ्यापुढे थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "भोंगा झाल्यावर वीस मिनिटं मिळतात, साहेब. ती तिला मिळाली नाहीत."

राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

२७ सप्टेंबर

भोंगेकाका नाहीत. परवा धरणाच्या भिंतीच्या कठड्यावर त्यांच्या चपला मिळाल्या, शेजारी घड्याळ. घड्याळ चालू होतं. कोणीतरी सकाळीच किल्ली दिली असणार. दोन दिवस गळ टाकले, पण त्या बाजूला पाणी नव्वद फूट खोल आहे. काही मिळालं नाही.

कारकून म्हणाला, झालं ते झालं, आता विषय संपला. मला त्याचा राग आला, आणि बरंही वाटलं.

३ ऑक्टोबर

आज सकाळी दहा वाजता भोंगा वाजला. तीनदा.

मी धावत मनोऱ्याकडे गेलो. दाराला कुलूप होतं तसंच होतं. ते उघडून वर गेलो. भोंग्याचा दांडा मीच दोरीने बांधून ठेवलाय, गाठही तशीच. खाली येऊन माळ्याला विचारलं, हिला विचारलं. कोणाला काही ऐकू आलेलं नाही. छोटी अंगणात खेळत होती, तिलाही नाही. झोप नीट होत नाही, त्यामुळे असेल, असं म्हणत कार्यालयात गेलो.

कारकून खुर्चीत बसलेला होता. डोकं नोंदवहीवर. मला वाटलं डुलकी लागली. खांद्याला हात लावला तर तो कलंडला आणि त्याच्या तोंडातून पाणी आलं. खूप आलं. गढूळ, वाळू मिसळलेलं. त्याचा शर्ट कोरडा होता. खिशातली तिन्ही पेनं कोरडी.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

४ ऑक्टोबर

डॉक्टर आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की याला नदीतून काढून इथे आणून बसवलंय का. फुप्फुसं पाण्याने भरलेली आहेत म्हणाले. तळाचं पाणी, गाळासकट. मी म्हटलं, सव्वानऊला मी स्वतः त्याच्याशी बोललोय. त्यांनी कागदावर दुसरंच काहीतरी लिहिलं. लोक कागदावर दुसरंच काहीतरी लिहितात. मला माहीत आहे.

नोंदवहीतलं १९ तारखेचं पान तेवढं भिजलं होतं. कारकुनाची सही पुसली गेलीय. माझी स्वच्छ आहे.

९ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी भोंगा. एक, दोन, तीन. या वेळी मी मनोऱ्याकडे गेलो नाही. हिला आणि छोटीला हाताला धरून मागच्या टेकडीवर नेऊन बसवलं. का ते सांगितलं नाही. तिथे उभा असताना डोक्यात आलं की त्या नोंदीमागे आम्ही तिघं होतो: कारकून, साहेब आणि मी. खाली पळत आलो, साहेबांना फोन लावला. चार वाजून एकोणीस झाले होते.

मी म्हटलं, साहेब, जिथे असाल तिथून वर जा, गच्चीवर जा, सहा मिनिटं आहेत. त्यांनी विचारलं, कसली सहा मिनिटं. मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, तुम्हाला रजेची गरज आहे, अर्ज पाठवा, मी लगेच मंजूर करतो. मग ते त्या उद्घाटनाबद्दल बोलत राहिले, पाहुणे किती खूश होते वगैरे. मी घड्याळ बघत होतो. चार चोवीस झाले. ते म्हणाले, कोणीतरी केबिनमध्ये ओल्या चादरी वाळत घातल्यात की काय, कसला वास येतोय हा—

मग खोकला. मग घागर तोंडापर्यंत भरताना होतो तसा आवाज. तो आवाज बराच वेळ चालला. मी फोन खाली ठेवू शकलो नाही.

चार पंचवीस.

१० ऑक्टोबर

हिने सकाळी शिलाई मशीनवर कापड घातलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"त्यांना मशीन आणायला तुम्ही पाठवलं होतं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"आणि मी त्यांना पाणी दिलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "लिहून द्या. जसं घडलं तसं. आज."

मी म्हटलं, काका-काकू दोघंही गेले, आता लिहून कोणाला काय मिळणार. ती उठली, छोटीचे कपडे भरले. भावाकडे गेली. म्हणाली, तुम्ही लिहून दिल्याचं कळेल त्या दिवशी परत येईन, त्याआधी मुलीला तुमच्यासमोर आणणार नाही. मशीन इथेच ठेवून गेली. छोटी बसच्या काचेतून हात करत होती. मला हात वर करता आला नाही.

११ ऑक्टोबर

डोकं ठिकाणावर ठेवून विचार केला पाहिजे.

पळून उपयोग नाही. साहेब चाळीस किलोमीटरवर होते. पण साहेब तळमजल्यावर होते. कारकूनही. भोंगा कशासाठी असतो? वर चढा, हे सांगण्यासाठी. वर चढणाऱ्याला पाणी धरत नाही. एकतीस वर्षं काकांनी त्याचसाठी तो वाजवला. ते नेमाचे माणूस. कारकुनाच्या वेळी वाजवला, साहेबांच्या वेळी वाजवला. माझ्या वेळी न वाजवता कसे राहतील?

टेकडीचा माथा घरापासून नऊ मिनिटं. आज तीनदा चढून पाहिला. धावत गेलं तर सहा. वर नुसता खडक, ओलाव्याचा थेंब नाही. म्हणजे माझ्याकडे अकरा मिनिटं जादा आहेत. बूट घालूनच वावरतो आता.

कबुली लिहीन. पण माझी पाळी टळल्यावर. जिवंत राहिलो तर शांतपणे, सविस्तर लिहिता येईल.

१३ ऑक्टोबर

अंगणातल्या दोरीवर आज सकाळी चादर होती. पांढरी, विश्रामगृहाच्या शिक्क्याची. पाणी गळत होतं. विश्रामगृह त्या १९ तारखेपासून बंद आहे. माळी म्हणतो, दोरीवर काहीच नाही, साहेब.

भोंगा वाजवणारे काका आहेत, हे मला समजत होतं. पाणी कोण आणतं, याचा मी विचारच केला नव्हता.

१४ ऑक्टोबर

दोरीवर दोन. व्हरांड्याच्या कठड्यावर एक.

व्हरांड्यातल्या चादरीतून मघाशी पाणी गळायचं थांबलं. मला बरं वाटलं. मग पाहिलं तर ती अर्धीच पिळलेली.

भोंगा नाही.

हिचा भाऊ फोनवर आला होता. ही बोलायला तयार नाही. लिहिलंत का, एवढं विचारायला सांगितलंय म्हणाला. मी म्हटलं, लिहितोय.

१५ ऑक्टोबर

दोन ओळी लिहिल्या. "दि. १९ रोजी मी भोंगेवाल्याला खासगी कामासाठी—" पुढे जात नाही. खोडलं. "खासगी" ऐवजी दुसरा शब्द हवा. इतकं वाईट दिसायला नको. शेवटी छोटी वाचेल कधीतरी.

चादर आता आत. खुर्चीच्या पाठीवर. मी पाठ करून बसलोय. साबणाचा वास—

सारखा कान मनोऱ्याकडे. जेवताना चमचाही वाजू देत नाही. पंखा बंद. भोंगा चुकायला नको.

ऐकू येणार. तो ऐकू येतोच. मला दोन्ही वेळा आला.

१६ ऑक्टोबर

दुपार. ऊन स्वच्छ आहे. बूट पायात, दार उघडं, टेकडी समोर दिसतेय. घड्याळ वहीशेजारी ठेवलंय.

न्हाणीघरात कोणीतरी कपडे पिळतंय. एकेक पीळ. सावकाश. घाई नाही कसली.

जाऊन बघणार नाही.

काका, मी लिहितो सगळं. वर जाऊन आलो की लिहितो. तुम्ही फक्त वाजवा. तुम्ही वाजवल्याशिवाय राहणार नाही, मला माहीत आहे. तुमच्यासारख्या माणसाला ते जमायचंच नाही—

पीळ थांबला.

बुटात गार लागतंय. नळ उघडा राहिला असेल. घाबरायचं कारण नाही, भोंगा अजून वाजलेला नाही. म्हणजे काहीही झालं तरी अजून वीस मिनिटं